पहिल्या पाठाचें वचन

वाङ्मयाची परीक्षा करणारे लोक महाकाव्यें परीक्षेस घेतात, नाटकांचे व कादंबऱ्यांचे गुणदोष सांगतात. परंतु ज्या लहानशा पुस्तकाचें बोट धरून मनुष्य त्या महाकाव्यापर्यंत पोंचतो, त्याच्याकडे त्यांची दृष्टि सहसा जात नाहीं. भाषेचें पहिलें पुस्तक हा शाळाखात्याचा विषय, टीकाकाराचा नव्हे, अशी समजूत रूढ झालेली आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाहीं. जी भाषा घरीं किंवा बाजारांत कानांवर पडत नाहीं, ती शिकावयास बसलेल्या मुलास पहिल्या दिवशीं काय द्यावें आणि त्याच्याकडून काय मागावें, हा प्रश्न साहित्याचाच आहे. कारण त्या भाषेंतील वाङ्मयावर ग्रंथकाराचा कितपत विश्वास आहे, तें त्याच्या पहिल्या पाठावरून कळून येतें.

अशा वर्गाच्या पहिल्या तासास अपेक्षांच्या दोन याद्या हजर असतात. एक यादी शिक्षक मोठ्यानें वाचून दाखवितो: वही निराळी असावी, रूपें रोज पाठ म्हणावीं, उच्चार स्वच्छ असावा, गृहपाठ चुकूं नये. दुसरी यादी मुलाच्या मनांत असते आणि ती कोणी विचारीत नाहीं: हें सर्व मी केलें तर अखेरीस माझ्या हातीं काय येईल? पहिली यादी रास्तच आहे. शिस्तीवांचून कोणतीहि जुनी भाषा येत नाहीं. परंतु दुसऱ्या यादीस जें पुस्तक उत्तर देत नाहीं, तें मुलाशीं एकतर्फी करार करतें.

इंग्लंडांतील लॅटिनच्या वर्गांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. बेंजामिन केनेडी यांचें लॅटिन व्याकरणाचें पुस्तक १८६६ सालीं निघालें, १८८८ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति झाली, आणि पुढें कित्येक पिढ्या तें इंग्रज मुलांच्या दप्तरांत राहिलें. त्यांत पहिल्या गणांतील नामांचा नमुना म्हणून 'मेन्सा', म्हणजे मेज, हा शब्द चालविलेला आहे. विन्स्टन चर्चिल यांनीं १९३० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या बालपणाच्या व तारुण्याच्या आठवणींत या शब्दाची हकीकत दिली आहे. संबोधनाचें रूप आलें तेव्हां त्यांनीं मास्तरांस विचारलें, मेजाला हांक केव्हां मारावयाची? मेजाशीं बोलतांना, असें उत्तर आलें. मी तर मेजाशीं कधींच बोलत नाहीं, असें मुलानें म्हणतांच उद्धटपणाबद्दल शिक्षेची धमकी मिळाली. या प्रसंगास लोक हंसतात. परंतु दोष मास्तरांच्या स्वभावाइतकाच पुस्तकाच्या निवडीचाहि होता. ज्या भाषेंत व्हर्जिलनें लिहिलें तिचा पहिला शब्द म्हणून एक मुकें मेज पुढें ठेवलें, तर मुलानें त्याचा अर्थ विचारूं नये असाच पाठ त्यांतून दिला जातो.

आपल्याकडील 'रामः रामौ रामाः' या घोषाची गोष्ट थोडी निराळी आहे. येथें संबोधन आलें म्हणजे मूल गोंधळत नाहीं. 'हे राम' हे शब्द त्यानें आजीच्या तोंडून ऐकलेले असतात. परंतु या सोयीचा उपयोग आपण क्वचितच केला. पुण्यास १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, आणि अशा पाठशाळांची रीत म्हणजे रूपावली, समासचक्र व अमरकोश आधीं मुखोद्गत करावे, अर्थ मागाहून यावा, ही होती. या रीतीची थट्टा करणें सोपें आहे. पण तिचा एक न्याय होता. तेथें बसणाऱ्या मुलानें आयुष्याचीं कित्येक वर्षें त्या एका विद्येस दिलेलीं असत, आणि तिचें फळ काय तें त्यास घरांतच दिसत असे. इंग्रजी पद्धतीच्या शाळेंत आठवड्याचे मोजके तास मिळूं लागले, तेव्हां ही उधारी चालेनाशी झाली.

ही अडचण ओळखून तिला तोड काढण्याचें श्रेय रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस दिलें पाहिजे. त्यांचें संस्कृतचें पहिलें पुस्तक 'मार्गोपदेशिका' व दुसरें 'संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका' हीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत, ते हायस्कुलांत शिकवीत असतांना, तयार झालीं. या पुस्तकांचें मर्म त्यांच्या क्रमांत आहे. मूल आधीं क्रियापदाचा वर्तमानकाळ शिकतें. आणि संस्कृतांत एकटें क्रियापद हेंहि पुरतें वाक्य होऊं शकत असल्यामुळें, पहिल्याच तासास त्याला कांहींतरी म्हणतां येतें. थोडें व्याकरण, थोडे शब्द, संस्कृतांतून भाषांतर आणि लगोलग उलट दिशेनें संस्कृतांत भाषांतर, अशी प्रत्येक पाठाची बांधणी आहे. जें आज शिकविलें तें आजच वापरावयास लाविलें. सबंध रूपावली पाठ होईपर्यंत वाक्यास हात लावावयाचा नाहीं, हा जुना निर्बंध येथें सुटला. कोणत्याहि चांगल्या लेखकाप्रमाणें भांडारकरांनीं वाचकास उगाच तिष्ठत ठेवलें नाहीं.

तरीपण या पुस्तकाचा एक दोष सांगितलाच पाहिजे. त्याचें स्पष्टीकरण इंग्रजींत आहे, आणि म्हणून त्याचा कल्पित वाचक हा लॅटिन शिकणाऱ्या इंग्रज मुलासारखा आहे: भाषा सर्वस्वी परकी, शब्द सर्वस्वी नवे. मराठी मुलाची स्थिति तशी नाहीं. विद्या, पुस्तक, फल, जल, वृक्ष हे शब्द घेऊनच तें वर्गांत येतें. त्याची खरी अडचण अपरिचयाची नसून अर्धवट परिचयाची आहे. 'शिक्षा' म्हणजे संस्कृतांत अध्ययन, मराठींत दंड. 'राग' म्हणजे तेथें रंग आणि अनुराग, येथें संताप. 'चेष्टा' म्हणजे तेथें हालचाल, येथें थट्टा. 'साहस' शब्दानें जुन्या धर्मशास्त्रांत बळजोरीचा अपराध दाखविला जाई, आज तोच शब्द आपण कौतुकानें वापरतों. हे शब्द पहिल्याच आठवड्यांत मुलापुढें ठेवले, तर आपली बोली किती दूरवरून चालत आली आहे हें त्याला दिसेल आणि वाचतांना सावध राहण्याची संवय लागेल. इंग्रजीच्या खिडकींतून पाहणाऱ्या पुस्तकास हें दृश्य दिसणें शक्य नव्हतें. आजचा शिक्षक मराठींतून शिकवीत असूनहि त्याकडे पाहत नसेल, तर मात्र त्यास ती सबब सांगतां येणार नाहीं.

आज महाराष्ट्रांत आठवीपासून संस्कृत घेतां येतें. सबंध विषय म्हणून घेतलें तर 'आमोद' आणि दुसऱ्या भाषेच्या जोडीनें अर्धें घेतलें तर 'आनंद', अशीं पाठ्यपुस्तकांचीं नांवें आहेत. नांवें गोड आहेत. परंतु बहुतेक मुलांस व त्यांच्या पालकांस पहिल्या दिवशीं जें वचन मिळतें तें आनंदाचें नसतें, गुणांचें असतें: हा विषय घ्या, शेकडेवारी वाढेल. गुणांचा मोह पूर्वीं नव्हता असें नव्हे. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नांवाची संस्कृतची शिष्यवृत्ति हा एका काळीं मोठाच मान होता. चिंतामणराव देशमुख यांनीं ती १९१२ सालीं मिळविली. परंतु त्याच देशमुखांनीं पुढें अर्थकारणाच्या व्यापांतून वेळ काढून 'मेघदूता'चें मराठींत भाषांतर केलें. शिष्यवृत्ति ही वाटेवरची धर्मशाळा होती, मुक्काम पुढें होता. आज दहावीचा निकाल लागला कीं बहुतेकांची पुस्तकें रद्दींत जातात. शंभरांपैकीं शंभर गुण मिळविणाऱ्या मुलास अपरिचित सोपा श्लोक स्वतःच्या बळावर लावतां येत नसेल, तर वर्गानें आपलें वचन पाळलें कीं नाहीं?

याहून गंभीर प्रश्न वर्गांत कोणी बसावें हा आहे. भांडारकरांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नांवांत मंदिर आहे, आणि आमच्याकडे मंदिर म्हटलें कीं दारावरच्या अडवणुकीचीहि आठवण होते. १९०७ सालीं एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास संस्कृत शिकावयाचें होतें. अस्पृश्य म्हणून तें नाकारलें गेलें आणि त्यास फारसी घ्यावी लागली. पुढें त्यांनीं संस्कृत स्वतःच्या कष्टानें साध्य केली. ज्या भाषेंतील ग्रंथांनीं आपल्या माणसांवर बंधनें घातलीं, ते ग्रंथ मुळांतून वाचून त्यांचा जाब विचारण्याची शक्ति त्यांनीं मिळविली. जुनी भाषा शिकण्याचें याहून मोठें प्रयोजन प्रस्तुत लेखकास दिसत नाहीं: जें आपल्या नांवानें सांगितलें जातें तें स्वतः वाचतां यावें, मग तें वंदावें कीं नाकारावें हें ज्याचें त्यानें ठरवावें.

याच बाबासाहेबांनीं १९५४ सालीं भंडारा मतदारसंघांतून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. त्या भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत चिखला म्हणून गांव आहे. तेथें मँगनीजची खाण आहे. अशा गांवीं संस्कृतचा वर्ग उघडावयाचा तर खाणकामगाराच्या मुलास पहिल्या तासास काय सांगावें, या कसोटीवर आपलीं पुस्तकें घासून पाहावींत. गुणांचें आमिष तेथें फार दिवस पुरणार नाहीं. ते गुण कोठें खपवावे हाच प्रश्न असतो. परंतु शब्दांची खाण तेथेंहि पायांखालींच आहे. 'मँगनीज' हें नांवच मुळीं लॅटिनमधील 'मॅग्नेशिया' या शब्दापासून आलेलें आहे, आणि त्याच्या मागें ग्रीस देशांतील एका प्रदेशाचें नांव आहे. या टापूंतील मँगनीजयुक्त खडकाच्या एका जातीस फर्मोर या भूशास्त्रज्ञानें 'गोंडाइट' असें नांव दिलें: धड गोंडांचें, शेपूट ग्रीकांचें. लॅटिनचा वर्ग चिखल्यास कधीं भरो न भरो, जुन्या भाषा तेथें आधींच पोंचलेल्या आहेत. फक्त त्या मुलास तसें कोणी सांगितलेलें नसतें.

आणि संस्कृत तर त्याच्या शेजारचीच आहे. 'मेघदूतां'तील रामगिरि म्हणजे लगतच्या नागपूर जिल्ह्यांतील रामटेक, असें वासुदेव विष्णु मिराशी यांनीं प्रतिपादिलें. भवभूतीनें आपल्या पूर्वजांचें ठिकाण म्हणून जें पद्मपूर सांगितलें, तें आमगांवजवळचें पदमपूर होय, असाहि निर्णय मिराशींनींच दिला. तें गांव तेव्हां भंडारा जिल्ह्यांत होतें, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत आहे. या मतांविषयीं विद्वानांत वाद असोत. परंतु 'उत्तररामचरिता'चा कर्ता कदाचित् आपल्याच मुलखांतला होता, हें कळल्यानें मुलाच्या मनांत जी उत्सुकता जागी होईल ती कोणत्याहि रूपावलीनें होणार नाहीं. ती एकदां जागी झाल्यावर रूपावली पाठ करण्याचे कष्ट त्यास अन्यायाचे वाटणार नाहींत.

तेव्हां पहिल्या पुस्तकाकडून आमच्या मागण्या फार नाहींत. भांडारकरांचा क्रम ठेवावा. पहिल्या दिवशीं मुलाच्या तोंडीं पुरें वाक्य यावें. त्याच्या मराठीची गांठ संस्कृताशीं उघडपणें घालून द्यावी आणि अर्थ कोठें फिरला तेंहि दाखवावें. सुट्या वाक्यांच्या जोडीस वर्षाअखेर एक तरी सबंध कथा मूळांतून वाचली जाईल असें आरंभींच सांगावें, आणि ती खरोखर वाचवून घ्यावी. एवढें केल्यावर शिक्षकानें आपली यादी खुशाल कडक करावी. निराळी वही, रोजचें पाठांतर, स्वच्छ उच्चार, सर्व मागावें. 'अपेक्षा' या शब्दाच्या पोटांत पाहण्याचा धातु आहे. शिक्षक मुलाकडे पाहतो तसें मूलहि शिक्षकाकडे पाहत असतें, एवढें ध्यानांत ठेवून जो पहिला पाठ लिहील, त्याच्या पुस्तकाची समीक्षा महाकाव्याइतक्याच आदरानें करावयास आम्हीं सिद्ध असलें पाहिजे.