खाद्यवेष्टनांवरील अक्षर आणि रंग

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौषी पौर्णिमेस भरणारी म्हसोबाची यात्रा गुरांच्या बाजाराकरिता प्रसिद्ध आहे. बैल घेणारा त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो. बंद पुड्यातील खाद्यपदार्थाची अशी पारख करता येत नाही. तेथे वस्तूच्या वतीने वेष्टनच बोलते. म्हणून ते कोणत्या भाषेत बोलते, हा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही.

रंग सर्वांत आधी पोहोचतो, हे निर्विवाद. पार्ले कंपनीच्या ग्लुकोज बिस्किटांचा पुडा पिवळी भूमी, पांढरे पट्टे आणि बालिकेचे चित्र एवढ्यावरून निरक्षर गिऱ्हाईकासही ओळखता येतो. परंतु रंगाची नक्कल सोपी. सारख्या दिसणाऱ्या पुड्यांची गर्दी झाल्यावर १९८२ च्या सुमारास 'पार्ले ग्लुको' हे नाव सोडून 'पार्ले-जी' हे नाव घ्यावे लागले. रंगाने मिळविलेली ओळख राखण्यास अखेर अक्षराकडेच धाव घ्यावी लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हे अक्षर मराठी वाचकाचे असते काय? २०२० च्या खाद्यपदार्थ-लेबलविषयक विनियमांनुसार आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. अन्य भाषा जोडण्यास मुभा आहे, सक्ती नाही. परिणामी पदार्थाचे नाव दर्शनी बाजूस ठसठशीत मराठीत आणि घटक व मुदत मागे बारीक इंग्रजीत, असे पुडे विपुल दिसतात. आवाहन मराठीत आणि माहिती परभाषेत, या वाटणीस भाषाप्रेम म्हणणे कठीण आहे.

अक्षरवळणाची गोष्ट निराळी. लोणचे, लसूण, लाडू, शेव, शेंगदाणा ही नावे नेमकी अशा दोन वर्णांनी सुरू होतात, की ज्यांची मराठी व हिंदी वळणे भिन्न आहेत. २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीचा ल व देठाचा श मराठीसाठी मान्य केला. तरी वेष्टनांवर हिंदी वळणे वारंवार आढळतात. संगणकीय अक्षरसंचात दोन्ही वळणे असली, तरी मजकूर मराठी आहे हे यंत्रास सांगावे लागते. ती तसदी कोण घेतो? अर्थात यामुळे अर्थबोधास बाधा येत नाही, हे मान्य केले पाहिजे. ती येते चकाकत्या कागदावर फिकट शाईने उमटविलेल्या तारखेमुळे.

मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी वर्तुळाची होती. हिरव्या वर्तुळाहून ती रंगांध व्यक्तीस वेगळी ओळखता यावी, म्हणून २०२० च्या विनियमांनी तिचा त्रिकोण केला. मुदतीच्या तारखेसाठी अशी कोणतीही आकारखूण योजलेली नाही.