कुमारवयीनांचे विनोदी चित्रपट, अमेरिकन
शालेय जीवन, प्रेम, मैत्री व पालकांशी उडणारे खटके यांवर आधारलेला चित्रपटप्रकार. १९८० नंतरच्या दशकात जॉन ह्यूझ (१९५०–२००९) याने त्यास लोकप्रियतेबरोबर गांभीर्यही मिळवून दिले. एकाकी, उपेक्षित मुलांविषयीची सहानुभूती हा त्याचा विशेष होय. परंतु तिची व्याप्ती मर्यादित आहे. द ब्रेकफस्ट क्लब (१९८५) मधील पाच विद्यार्थी स्वभावाने व आर्थिक स्थितीने भिन्न असले, तरी सर्व गोरेच आहेत. सिक्स्टीन कँडल्स (१९८४) मधील लाँग डक डाँग हा आशियाई विद्यार्थी वस्तुतः सर्वांत परका. तथापि तो केवळ हास्यविषय ठरतो. त्याच्या प्रवेशाबरोबर घंटेचा टोल वाजतो व मोडक्या इंग्रजीतून विनोद साधला जातो. ही भूमिका करणारा गेडी वातानाबे मात्र जन्माने अमेरिकन आहे.

ह्यूझच्या बहुतेक कथा शिकागोलगतच्या उपनगरांत घडतात. खुद्द शिकागोतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे खट्याळ, स्वप्नाळू व अखेरीस शोकात्म जीवन मायकेल शुल्ट्झच्या कूली हाय (१९७५) मध्ये त्यापूर्वीच चित्रित झाले होते. रेजिनल्ड हडलिनच्या हाउस पार्टी (१९९०) ने ही परंपरा पुढे नेली. ह्यूझची नायिका मॉली रिंगवॉल्ड हिनेही २०१८ मध्ये त्याच्या चित्रपटांची चिकित्सा केली. त्यांतील एकाकीपणाचे चित्रण आजही प्रत्ययकारी वाटते. मात्र ते सर्व अमेरिकन तरुणाईचे प्रातिनिधिक चित्र मानता येत नाही.