दोन ओळींमधला ट्रम्पेट

'अलबेला'ची (1951) गाणी लागली की संगीतकार सी. रामचंद्रांना दाद जाते, नायक भगवानदादांच्या पावलांना जाते. इथे भिलाईत, नेहरू नगरात गणपतीत बँड वाजू लागला तरी नाचणाऱ्यांच्या अंगात भगवानदादाच येतात. ती दाद रास्तच आहे. पण गाणाऱ्याची एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत जे काही वाजतं, तिथे जरा कान द्यावा. तिथे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट भेटतो.

मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म 1916, गाव बार्देशातलं हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा स्वतःचा बँड होता. अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग हे त्याचं दैवत. त्याच ढंगात तो वाजवायचा, गायचाही, आणि लोक त्याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणायचे.

जॅझवाल्याला ऐनवेळी सुचेल तसं वाजवायची मोकळीक लागते. सिनेमाच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ती कुठून मिळणार? मुखडा आहे, अंतरे आहेत, लताबाई आणि चितळकर, म्हणजे गायक म्हणून सी. रामचंद्रच, आहेत. वादकाच्या वाट्याला मोजक्या मात्रा उरतात. चिकची खरी थोरवी मला या मोजक्या मात्रांत दिसते. 'दीवाना परवाना' ऐका. पितळी वाद्यं गळ्यामागे फरफटत जात नाहीत, फडावरच्या सवाल-जवाबासारखी गळ्याला भिडतात. सूर झेपावतो आणि नेमक्या मात्रेवर वाट मोकळी करून देतो. पडद्यावर झालरीच्या बाह्यांचे झगे घालून वाजवणारी मंडळी दिसतात ना, तोच चिक आणि त्याचा ताफा. पुणतांब्याच्या चितळकरांनी हा हॉटेलातला बाज ओळखून, तो न बुजवता मराठी-हिंदी कानांना रुचेल असा गाण्यात आणला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चिकनं 'नादान'ला (1951) स्वतः संगीतही दिलं. तरी त्याला भेटायचं तर मी 'आखरी खत' (1966) सुचवीन. क्लबात भूपिंदर गातोय, लय रेंगाळती, आणि ट्रम्पेट घेतलेला चिक पडद्यावर उभा. इथे 'अलबेला'तली झेप नाही, घाई नाही. संगीतकार खय्यामनी त्याला श्वास घ्यायला जागा दिली आहे आणि तो ती पुरेपूर वापरतो. पुढच्याच वर्षी, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो गेला.