वाचन शिकविणाऱ्याचे भाषाज्ञान : शिरूर-दौंडच्या संदर्भात एक चिकित्सा

१

मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, सबब ती वाचावयास शिकणे सोपे आहे, ही समजूत आपल्या शिक्षणविचारात इतकी मुरली आहे की तिची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. या समजुतीतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मुळाक्षरे व बाराखडी पाठ झाली म्हणजे वाचन आपोआप येते. दुसरा असा की, शिकविणाऱ्यास मराठी येत असले म्हणजे पुरे. मराठीविषयी त्यास निराळे ज्ञान असावयाचे कारण नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही निष्कर्षांची तपासणी करावयाची आहे.

तपासणीसाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके घेतले आहेत, ते सहेतुक. भाषाविज्ञानाच्या अध्यापनाची भक्कम परंपरा असलेल्या पुणे शहरापासून ही दोन्ही तालुक्यांची गावे फार दूर नाहीत. जिल्ह्याच्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा भार वाहणारी संस्था लोणी काळभोर येथे, म्हणजे दौंडकडे जाणाऱ्या सोलापूर रस्त्यावरच आहे. दुसरीकडे, या तालुक्यांतील शाळांत बसणारी मुले एकाच भाषिक घरातून येत नाहीत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतीय कामगारांची कुटुंबे आली आहेत. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवर उत्तरेकडील मजूर राबतात. गाळपाच्या हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि जातात. दौंड हे तर रेल्वेचे जंक्शनच आहे. शिवाय पारधी समाजाची मुले आहेत, ज्यांची घरची बोली मराठी नव्हे. वाचन-शिक्षकाच्या तयारीची कसोटी येथे लागते, तशी शहरातील एकजिनसी वर्गात लागत नाही.

२

प्रथम लिपीचा विचार करू. चौतीस व्यंजने व बारा स्वररूपे धरली तरी बाराखडीची चारशे आठ अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे त्यांहून वेगळी. परंतु अडचण केवळ संख्येची नाही. देवनागरी लिपीत लेखनाचा घटक अक्षर आहे, आणि बोलण्यातील ध्वनी व लेखनातील अक्षर यांचा संबंध आपण मानतो तितका सरळ नाही. ‘घर’ हा शब्द घ्या. ‘घ’ आणि ‘र’ ही अक्षरे सुटी म्हणावयास शिकलेला मुलगा दोन्हींतील अकार उच्चारतो; शब्दात मात्र शेवटच्या ‘र’मधील अकार लोपतो. ‘सरबत’मध्ये तो मध्येही लोपतो आणि शेवटीही. म्हणजे अक्षरे बिनचूक म्हणणाऱ्या मुलालाही शब्द हाती लागत नाही, आणि शिक्षक त्यास ‘जोडून वाच’ असे बजावीत राहतो. काय जोडावयाचे व काय गाळावयाचे, हे मात्र तो सांगत नाही. कारण ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते व नंतर उच्चारली जाते. ‘र’ हा ‘क्रम’, ‘अर्क’, ‘राष्ट्र’ आणि ‘सुऱ्या’ या चार शब्दांत चार रूपे धारण करतो. ‘अंग’, ‘खंड’, ‘संत’ आणि ‘आंबा’ यांतील अनुस्वाराचे चिन्ह एक, पण उच्चार चार. ‘जग’ हे अक्षरद्वय विश्वाचा अर्थ देते तेव्हा ‘ज’ तालव्य असतो आणि जगण्याची आज्ञा देते तेव्हा दंततालव्य. ज्याची घरची भाषा मराठी आहे तो मुलगा हा शेवटचा भेद अर्थावरून सहज साधतो. हिंदीभाषक मजुराच्या मुलाला तो साधत नाही, कारण त्याच्या भाषेत दंततालव्य ‘ज’ नाही आणि ‘ळ’ही नाही. तेव्हा उच्चारानुसारी लेखनाचा सिद्धांत अंशतःच खरा आहे; आणि जेथे तो खरा नाही, नेमक्या त्याच जागी मूल अडखळते.

३

यापुढचा प्रश्न चुकांचा. समजा, दुसरीच्या वर्गात फळ्यावर ‘वेळ’ हा शब्द आहे. एक मुलगा ‘येळ’ वाचतो, दुसरा ‘वळ’ आणि तिसरा ‘वाट’. रूढ पद्धतीच्या शिक्षकाच्या वहीत तिघांपुढेही चुकीची एकच खूण पडेल. वस्तुतः पहिल्याने शब्द बरोबर वाचलेला आहे. अक्षरांवरून तो शब्दापर्यंत पोहोचला आणि आपल्या बोलीत त्याने तो उच्चारला. दुसऱ्यास व्यंजन कळले आहे, मात्रेचे कार्य कळलेले नाही. तिसरा पहिल्या अक्षरावरून अटकळ बांधतो आहे. त्याचे वाचन अद्याप सुरूच झालेले नाही. तिघांना लागणारे साहाय्य तीन प्रकारचे आहे, आणि पहिल्यास तर साहाय्याची नव्हे, शाबासकीची गरज आहे.

‘पाणी’ पाहून ‘पानी’ म्हणणारे मूल वाचनात चुकले, असे ठरविणे म्हणजे वाचन व प्रमाणभाषा यांची गल्लत करणे होय. प्रमाणभाषा शिकवावी, यात वाद नाही. पण तो वेगळा पाठ आहे. पहिल्या पाठात दुसऱ्याचा दंड वसूल करू लागलो, तर घरी पुस्तक नसलेल्या मुलाचा असा समज होतो की वाचन हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे. शाळेत येऊनही निरक्षर राहिलेल्या मुलांच्या प्रश्नाचे हे एक मूळ आहे, आणि ते भाषिक आहे. ही चिकित्सा करावयास शिक्षकाने भाषाशास्त्रज्ञ व्हावे लागते असे नाही. मात्र वर्णव्यवस्था व बोलीभेद यांचे काही निश्चित ज्ञान त्यास असावे लागते.

४

हा विचार दौंड तालुक्याला नवा नाही. १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिकांच्या तयारीचा मुद्दा मांडला आणि त्यांना स्वभाषेचे शुद्ध ज्ञान असावे, असा आग्रह धरला. पुढे इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले, आणि अमेरिकेतील वास्तव्यात फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन उभारले, तेव्हा १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून अनेक मुली तेथे आल्या. ज्या गावाच्या परिसरात आज गुऱ्हाळमजुरांची मुले शाळेत येतात, तेथेच सव्वाशे वर्षांपूर्वी भिन्नभाषी मुलींना अक्षरओळख देण्याचा प्रश्न उभा होता. १९२४ साली प्रसिद्ध झालेले रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर अल्पशिक्षित वाचकांसाठी सोप्या भाषेत योजलेले होते, आणि त्याच्या खिळेजुळणीत व छपाईत केडगावच्या स्त्रियांचे हात होते. वाचावयास शिकणे व वाचनीय मजकूर निर्माण करणे ही एकाच उद्योगाची दोन अंगे आहेत, हे या घटनेत दिसते. भाषांतरामागील धर्महेतू कोणास मान्य असो वा नसो, हा शैक्षणिक धडा घेण्यास त्याची आडकाठी नसावी.

५

विद्यापीठीय भाषाविज्ञान आणि वाचनवर्ग यांची गाठ घालण्याचा अलीकडील काळातील लक्षणीय प्रयत्न दौंडपासून फार दूर नसलेल्या फलटणला झाला. डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील भेदांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहून १९७३ साली पदवी मिळविली. प्रबंध लिहून त्या थांबल्या नाहीत. १९७८ मध्ये दलित वस्तीतील मुलांसाठी वर्ग, १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन अशी त्यांच्या कार्याची वाढ झाली. काही व्यंजने व काही स्वरचिन्हे यांचे लहान गट करून पहिल्या गटापासूनच मुलाला अर्थपूर्ण शब्द वाचता येतील अशी त्यांची योजना होती. सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, आणि शेवटी कधीतरी अर्थ, ही रूढ उतरंड तिने मोडली. या योजनेचे बळ अक्षरगटांच्या यादीत नाही. मूल कोठे व का अडते, हे ओळखणारी दृष्टी तिच्यामागे आहे, आणि ती बोलीच्या अभ्यासातून आलेली आहे. दृष्टी वगळून केवळ यादी उचलली, तर जुन्या कर्मकांडाच्या जागी नवे कर्मकांड येईल. प्रशिक्षणवर्गांतून पद्धती पसरतात त्या बहुधा अशाच, हा धोका उपेक्षणीय नाही.

दुसरे उदाहरण पालघर जिल्ह्यातील वाड्याचे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या वतीने, प्रा. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली, वाडा येथे मराठीचा आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नडचा असा प्रारंभिक वाचन-लेखनाचा तीन वर्षांचा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ साली निघाला. तिसरी संपत आली तरी पुष्कळ मुलांची लिपीवर पकड बसलेली नसते, आणि आकलनाकडे तर वर्गात फारसे लक्षच दिले जात नाही, हा त्यातील निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. एकच मूल वर्षानुवर्षे न्याहाळणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य. एका दिवसाच्या चाचणीतून मूल कोठे आहे हे कळते. ते तेथे का अडकले, हे कळत नाही.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसे भाषाविज्ञानावाचून वाचावयास शिकली. खरे आहे, परंतु त्यांतील बहुसंख्यांच्या घरी शाळेने सोडलेल्या जागा भरून काढणारे कोणीतरी होते. ज्यांच्या घरी असे कोणी नव्हते, त्यांतील कितीजण दुसरी-तिसरीतून गळाले, याचा हिशेब या युक्तिवादात धरलेला नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या, अहवालांनी वाकलेल्या शिक्षकावर हा नवा भार कशास? याचे उत्तर असे की, योग्य निदानाने भार हलका होतो. तिघांना तोच धडा दहा वेळा देण्यापेक्षा तिघांना तीन छोटे धडे देणे कमी श्रमाचे आहे.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंतचे वाचन हे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरविले. उद्दिष्टे व चाचण्या यांची वाण नाही. वाण आहे ती चुकांचा अर्थ लावणाऱ्या शिक्षकाची. येथे विद्यापीठीय विभागांची जबाबदारी येते. आमच्या पदव्युत्तर वर्गांत अकारलोपाचे नियम मांडले जातात, पण त्या नियमावर अडलेले मूल कधी चर्चेत येत नाही. अध्यापक विद्यालयांत पाठाचे टाचण काटेकोर तपासले जाते, पण पाठ संपल्यावर मुलाने काय वाचले याची नोंद क्वचितच मागितली जाते. एकाकडे ज्ञान आहे आणि वर्ग नाही. दुसऱ्याकडे वर्ग आहे आणि हे ज्ञान नाही.

म्हणून एक मर्यादित सूचना. भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि छात्राध्यापकांनी जोडीने शिरूर व दौंड तालुक्यांतील काही शाळांत वर्षभर ठरावीक मुलांचे वाचन ऐकावे, प्रत्येक चूक जशीच्या तशी टिपावी, आणि ती लिपीची, बोलीची की अटकळीची याचा निवाडा दोघांनी मिळून करावा. अशी नोंदवही हाच छात्राध्यापकाच्या मूल्यमापनाचा एक भाग व्हावा आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेचा आधारही. यातून निघणारी सामग्री मराठीच्या अभ्यासास उपकारक ठरेल, हा लाभ दुय्यम समजावा. ‘येळ’ वाचणाऱ्या मुलाला आपण बरोबर वाचले हे वेळीच कळेल, हा लाभ मुख्य होय.