‘संश्लिष्ट धातू’ : एका संज्ञेची चिकित्सा

विद्युत्‌संवाहक बहुवारिकांचा इतिहास १९७७ पासून सांगण्याचा प्रघात पडला आहे. त्या वर्षी शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलिनाच्या पापुद्र्यावर हॅलोजनाची वाफ सोडून त्याची संवाहकता सुमारे कोटीपट वाढविल्याचे प्रसिद्ध केले. २००० साली ह्या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते यथायोग्यच होते. परंतु ह्या शोधाबरोबर ‘संश्लिष्ट धातू’ ही संज्ञा रूढ झाली. १९७९ मध्ये तिच्या नावाचे एक नियतकालिकही निघाले. संज्ञा आकर्षक होती, पण तिने अभ्यासकांची दृष्टी इलेक्ट्रॉनाकडे इतकी खिळवून ठेवली की, त्याच्याबरोबर अपरिहार्यपणे येणाऱ्या आयनाचा विचार मागे पडला.

वस्तुतः ह्या पदार्थांचा जन्म विद्युत्‌रासायनिक पात्रात झालेला आहे. हेन्री लेथबी याने १८६२ साली लंडन येथे अ‍ॅनिलीन सल्फेटाच्या आम्लयुक्त द्रावणातून विद्युत्‌प्रवाह सोडला, तेव्हा प्लॅटिनमाच्या धनाग्रावर निळसर काळा थर जमला. आज ज्याला पॉलिअ‍ॅनिलीन म्हणतात तोच तो. ऑस्ट्रेलियातील वाइस व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये पॉलिपिरोलाची संवाहकता मोजून प्रसिद्ध केली होती. १९६८ मध्ये दाल्लोलिओ व त्याच्या सहकाऱ्यांनी सल्फ्यूरिक आम्लातील पिरोलापासून ‘पिरोल ब्लॅक’ मिळविले. त्याची संवाहकता सेंटिमीटरला ८ सीमेन्सच्या घरात होती. १९७९ मध्ये डायझ व सहकाऱ्यांनी अ‍ॅसिटोनायट्रिलात तेच काम अधिक नेटकेपणे करून हा आकडा १०० पर्यंत नेला. तांब्याची संवाहकता सुमारे ६ लक्ष आहे हे ध्यानात घेतले म्हणजे ‘धातू’ शब्दाला केवढी ओढाताण सोसावी लागते ते दिसते.

मात्र आकड्यांतील अंतर हा गौण आक्षेप होय. मुख्य आक्षेप ‘डोपिंग’ ह्या उसन्या शब्दाविषयी आहे. सिलिकॉनामध्ये लक्षावधी अणूंमागे एखादा परका अणू घातला तरी त्याचे गुणधर्म पालटतात आणि तो अणू जागच्या जागी राहतो. पॉलिपिरोलात दर तीन-चार वलयांमागे एक इलेक्ट्रॉन काढला जातो व तितकीच ऋणायने द्रावणातून आत शिरतात. ही अशुद्धी नव्हे, हे सरळसरळ ऑक्सिडीकरण आहे. शिवाय धनाग्रावर पिरोलाचे बहुवारिकीकरण होते तेव्हा वाढती साखळी मूळ एकवारिकापेक्षा सुलभतेने ऑक्सिडीकृत होते. त्यामुळे पापुद्रा ऋणायनांसह, संवाहक अवस्थेतच जन्म घेतो. आधी निरोधक पदार्थ आणि मग त्याचे डोपिंग, हा क्रम पॉलिअ‍ॅसिटिलिनापुरता खरा आहे. तो सर्वांना लावणे ही एका उदाहरणावरून केलेली घाई म्हणावी लागेल.

ह्या घाईची किंमत विद्युत् घटांच्या संशोधनात मोजावी लागली. १९८१ मध्ये पॉलिअ‍ॅसिटिलिनाच्या पुनर्भारणीय घटाची वार्ता आली आणि प्लॅस्टिकच्या हलक्या बॅटऱ्यांची स्वप्ने रंगू लागली. दर तीन वलयांमागे एक भार धरला तर पॉलिपिरोलाची धारिता ग्रॅममागे सुमारे १३७ मिलिअ‍ॅम्पिअर-तास येते, आणि अनेक लेखांतून असाच आकडा मिरविला जातो. त्यात परक्लोरेट ऋणायनाचे वजन मिळविताच तो ९१ वर उतरतो. गोष्ट येथेही संपत नाही. घट प्रभारित होताना ही ऋणायने विद्युत् विच्छेद्य द्रावणातूनच यावयाची असतात. एक ग्रॅम बहुवारिकाला सुमारे ५.१ मिलिमोल मीठ लागते. म्हणजे एक मोलर द्रावणाचे पाच मिलिलिटरांहून अधिक आकारमान घटात साठवावे लागेल, आणि तेही त्यातील मीठ शेवटच्या कणापर्यंत संपू दिले तर! तसे करता येत नाही, कारण मीठ आटताच द्रावणाची संवाहकताच नाहीशी होईल. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम आयन घटात लिथियमाचे आयन एका अग्रातून निघून दुसऱ्यात जातात व द्रावण जसेच्या तसे राहते. जपानात १९८७ साली विक्रीस आलेले लिथियम-पॉलिअ‍ॅनिलिनाचे नाण्याएवढे घट बाजारात टिकले नाहीत, ह्याचे निदान एक कारण ह्या साध्या हिशेबात शोधता येते. हा हिशेब पदवी-परीक्षेच्या विद्यार्थ्यासही करता आला असता. तो प्रबंधांतून क्वचितच आढळतो.

धारित्रांच्या प्रयोगशाळांतही असेच घडत आहे. चक्रीय व्होल्टॅमेट्रीत पॉलिपिरोलाचा आलेख बराचसा आयताकृती दिसतो. हा प्रवाह धारित्राच्या जातीचा मानावा असे प्रतिपादन फेल्डबर्गने १९८४ मध्ये केले. तो ऑक्सिडीकरण-क्षपणाचाच मानणारा पक्षही तितकाच आग्रही आहे. वादाचा निकाल काहीही लागो, काही मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यावर मोजलेला ‘फॅरड प्रति ग्रॅम’ हा आकडा सबंध उपकरणास लावणे कोणत्याच पक्षाला मान्य होण्याजोगे नाही.

आता ह्या बहुवारिकांना जेथे निश्चित यश मिळाले ती क्षेत्रे पाहावीत. बायरच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेले पेडॉट हे बहुवारिक प्रथम छायाचित्रणाच्या फिल्मवरील स्थितिक विद्युत् घालविण्यासाठी उपयोगात आले. टँटलम धारित्रांत मँगॅनीज डायऑक्साइडाच्या जागी ते बसले, ह्याचे कारणही उद्बोधक आहे. त्याची संवाहकता अधिक असल्याने अंतर्गत रोध घटतो. शिवाय दोष उद्भवला असता मँगॅनीज डायऑक्साइड प्राणवायू सोडून टँटलमाला पेटण्यास साहाय्य करते, तसे हे बहुवारिक करीत नाही. ह्या दोन्ही उपयोगांत बहुवारिकाला एकाच, संवाहक अवस्थेत स्वस्थ बसावयाचे असते. त्याला वारंवार ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या फेऱ्यांतून जावे लागत नाही, म्हणून ते फुगत नाही व चिरफळत नाही. आयनांची ये-जा येथे टाळली गेली आहे.

दुसऱ्या गटात ही ये-जाच कामाला लावलेली दिसते. राइटन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पॉलिपिरोलाचा ट्रान्झिस्टर केला, त्यात द्वार-विभवाने आयन आत-बाहेर होऊन प्रवाह बदलतो. आज जैविक संकेत टिपणाऱ्या पेडॉटच्या ट्रान्झिस्टरांचा तोच पूर्वज होय. डोडेसिलबेंझीन सल्फोनेटासारखे मोठे ऋणायन साखळीत अडकवून ठेवले तर ते बाहेर पडू शकत नाही. मग भाराचा समतोल राखण्यास धनायने आत येतात आणि पापुद्रा क्षपणाच्या वेळी फुगतो. ह्या हालचालीवर कृत्रिम स्नायूंचे प्रयोग आधारलेले आहेत. अशा उपकरणांचे वर्णन धातूच्या परिभाषेत करू गेल्यास त्यांचे कार्यच सांगता येणार नाही.

अतिऑक्सिडीकरणाचे उदाहरण तर ह्याहून बोलके आहे. धनविभव प्रमाणाबाहेर वाढविल्यास पाण्याचा रेणू पॉलिपिरोलाच्या साखळीवर आक्रमण करतो, कार्बोनिल गट निर्माण होतात आणि संवाहकता कायमची जाते. धातूच्या दृष्टीने हा पदार्थ मेला. पण त्याचा पापुद्रा अ‍ॅस्कॉर्बेटासारख्या ऋणायनांना दूर सारतो व धनभारित डोपामिनाला आत येऊ देतो. त्यामुळे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल विपुल असतानाही डोपामिनाचे मापन करणाऱ्या अग्रांवर हाच ‘मृत’ पापुद्रा मुद्दाम चढविला जातो.