चार तासांचं मुरणं

लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, गुलाबजामात पाक मुरतो. विरघळणं वेगळं, शिजणं वेगळं, मुरणं वेगळं. साखर विरघळली की दिसेनाशी होते. शिजवायचं तर खाली जाळ लागतो. मुरताना मात्र दोन पदार्थ शेजारी-शेजारी नुसते बसलेले असतात, आणि उठताना प्रत्येकाजवळ दुसऱ्याचं थोडं काही असतं. सांग्रिया हे स्पेनचं उन्हाळी पेय मी बरीच वर्षं वाईट करत होते. ते सुधारलं ते या एका क्रियापदामुळे.

आधी नाव. स्पॅनिशमध्ये ‘सांग्रे’ म्हणजे रक्त. ‘सांग्रिया’ म्हणजे शीर कापून रक्त काढण्याचा जुना वैद्यकी उपचार. पेयाला हे नाव मिळालं ते बहुधा रंगामुळे. छापखान्याच्या भाषेत याच शब्दाचा आणखी एक अर्थ होतो : परिच्छेदाच्या पहिल्या ओळीआधी सोडलेली कोरी जागा. त्या अर्थाचा पेयाशी काही संबंध नाही, पण मला तोच जास्त उपयोगी पडला. काचेचा जग काठोकाठ भरायचा नाही, सोड्यासाठी वर चार बोटं जागा राखायची, हे मी त्यामुळे विसरत नाही.

मग वाइन. माझी पहिली चूक इथलीच. पाहुणे येणार म्हणून मी महागातली, ओकच्या पिंपात मुरलेली बाटली फोडली. ती आधीच मुरलेली होती. तिला फळांकडून काही घ्यायचं नव्हतं. शिवाय तांबडी वाइन जितकी थंड, तितका तिचा तुरटपणा जिभेला जास्त लागतो. ओकचा तुरटपणा, सालींचा कडूपणा आणि बर्फ यांचा मिळून काढा झाला. स्पेनमध्ये या कामाला ‘होवेन’, म्हणजे तरुण वाइन धरतात. तेंप्रानियो आणि गार्नाचा ही तिथली नेहमीची द्राक्षं. तेंप्रानियोच्या नावातच ‘लवकर’ आहे, कारण हे द्राक्ष इतरांआधी पिकतं. आपल्याकडे नाशिकची साधी झिनफँडेल चालते, लेबलावर ओकचं नाव नसलेली. बोरं-जांभळांच्या अंगानं जाणारी, अजून स्वतःबद्दल फार मत नसलेली वाइन हवी.

आता फळं. ‘फ्रूटी’ या शब्दाने फार घोळ केला आहे. सात-आठ फळं चिरून टाकली की पेय फळांचं होतं असं वाटतं. होतं ते फ्रूट सॅलड, तेही पाणचट. सांग्रियाचा कणा आंबट फळांचाच. संत्र्याच्या सालीत बारीक कोषांमधून सुगंधी तेल असतं. ते पाण्यात उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतं. म्हणून संत्र्याच्या चकत्या सालीसकट टाकायच्या, बिया मात्र काढून, कारण बियांचा कडूपणाही उतरतो. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि सुगंधी. ती इथे छान चालते. लिंबाचं मात्र आपल्याला सांभाळावं लागतं. स्पेनचं लिंबू मोठं, पिवळं, जाड सालीचं. त्याच्या चकत्या जगात शोभतात. आपलं कागदी लिंबू छोटं आणि तिखट आंबट. त्याच्या चकत्या टाकू नयेत, अर्ध्या लिंबाचा रस पुरतो. तो पडताक्षणी एक गंमत बघावी : वाइनचा जांभळट रंग उजळून लाल होतो. द्राक्षाच्या सालीतलं रंगद्रव्य आंबटात लालीकडे झुकतं.

तिसरं फळ पीच. स्पेनच्या आरागोन प्रांतात पीच वाइनमध्ये मुरवून जेवणानंतर खायची रीत आहे. तिथल्या कालांदा भागात तर झाडावरच्या एकेका पीचला कागदाची पिशवी घालतात, कीड लागू नये म्हणून. ज्या प्रदेशात फळाचे असे लाड होतात, तिथे पीच आणि तांबडी वाइन एकत्र येणं साहजिकच. आपल्याकडे मे-जूनमध्ये हिमाचलातून पीच येतात. थोडे कडक निवडावेत. ते नसतील तर सालीसकट सफरचंद. हापूसचा मोह मी टाळते. तो मुरत नाही, राज्य करतो. केळं तर मी एकदाच घातलं.

प्रमाण साधं आहे. ७५० मिली वाइन, एका संत्र्याच्या चकत्या, दोन संत्र्यांचा रस, अर्धं लिंबू, एक पीच, ६० मिली ब्रँडी. साखर थंड वाइनमध्ये लवकर विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून तीन चमचे साखरेचा पातळ पाक करायचा आणि दालचिनीचा तुकडा त्यातच उकळायचा. स्पेनमध्ये वापरतात ती श्रीलंकेची, कागदासारखी पातळ दालचिनी. आपल्या मसाल्याच्या डब्यात असते ती बहुतेक जाड आणि झणझणीत. म्हणून तुकडा नखाएवढाच.

यानंतर हात मागे घ्यायचा आणि जग फ्रिजमध्ये ठेवायचा. खरं वाचन इथून सुरू होतं. मी दर तासाला चमचाभर चाखते. पहिल्यांदा सगळे सुटे-सुटे लागतात : आधी साखर, मग वाइन, मागून ब्रँडीचा चटका. तासाभराने सालीचं तेल वर येतं. चव तीच, वास मात्र बदललेला. दोन तासांनी ब्रँडी शोधावी लागते. चौथ्या तासाला पीचच्या फोडीची कड गुलाबी झालेली असते, आत अजून पिवळी. दालचिनी घोट गिळून झाल्यावर कळते. हा तिचा क्षण. रात्रभर ठेवलं तर आणखी छान होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. सालीखालचा पांढरा भाग आपला कडूपणा सोडायला लागतो, पीच लिबलिबीत होतो, पेय गढुळतं. लोणच्याला महिने लागतात, सांग्रियाला चार-पाच तास. मुरण्याचीही पुढची एक वेळ असते, आणि ती टळली तर मागे येता येत नाही.

शेवटी ३०० मिली सोडा, तोही वाढायच्या क्षणी. बर्फ जगात नाही, ग्लासात. स्पेनमधल्या जगांची चोच चिमटीत धरल्यासारखी आत वळलेली असते. पेय बाहेर येतं, फळं मागे अडतात. कुंभाराने रसिकता दाखवली ती इथे.

हे सरबतासारखं प्यायलं जातं, आणि धोका तिथेच आहे. वरच्या प्रमाणाचा हिशेब मांडला तर अल्कोहोल साधारण नऊ टक्के भरतं. युरोपच्या २०१४च्या नियमात सांग्रियासाठी साडेचार ते बारा टक्क्यांच्या आतली मर्यादा आहे. नुसतं ‘सांग्रिया’ म्हणून विकायचा मान त्याच नियमाने फक्त स्पेन-पोर्तुगालमध्ये बनलेल्या पेयाला दिला आहे. आमच्या ओट्यावरच्या जगाला लेबल नाही, म्हणून निभावतं. खुद्द स्पेनमध्ये रोजच्या उन्हाळ्याला लोक ‘तिंतो दे वेरानो’ घेतात : तांबडी वाइन, लिंबाचा गोड सोडा, बर्फ, झालं. सांग्रिया चारचौघांसाठी, जग भरूनच करायची. अमेरिकेत तिचा बोलबाला झाला तो १९६४-६५च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पेनच्या दालनातून.

आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही. ‘पंच’ हे साहेबाचं पेय आपल्या ‘पाच’वरून नाव घेऊन गेलं असं मानतात. सतराव्या शतकात भारतात हिंडलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर यानेही पाच जिन्नसांमुळे हे नाव पडल्याची नोंद केली आहे. दारू, गोड, आंबट, पाणी आणि मसाला. सांग्रिया मोजून बघा, तेच पाच.

गेल्या मे महिन्यात आत्या आली होती. तिने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मी दुसऱ्या तासाची चव घेत होते, तेव्हा जगावरची ताटली सरकवून तिने वास घेतला. म्हणाली, “दालचिनी दूर उभी आहे गं अजून.” मी चाखून बघितलं, खरंच होतं. पाहुणे यायच्या जरा आधी तिने पुन्हा ताटली उचलली, लोणच्याच्या बरणीशी वाकते तशी वाकली, आणि ताटली नीट परत झाकत म्हणाली, “आता काढ.”