पॉलिएस्टर-पॉलिअमाइड मिश्रणे आणि अवरक्त वर्णपटाची साक्ष

दोन बहुवारिके वितळवून एकत्र केली, मिश्रणाचा अवरक्त वर्णपट घेतला आणि कार्बोनिल पट्टा दोन-तीन एककांनी सरकलेला दिसला, की ‘रासायनिक परस्परक्रिया सिद्ध झाली’ असे लिहून मोकळे होण्याची सवय पदव्युत्तर प्रबंधांत अनेकदा आढळते. पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या बाबतीत ही घाई विशेष घातक आहे.

प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. वडगाव निंबाळकरसारख्या गावात पॉलिएस्टरचे कापड आणि नायलॉनची दोरी एकाच घरात नांदतात. पूर्वेस इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर नायलॉनची जाळी वापरली जाते आणि पाण्याच्या बाटल्या तर पॉलिएस्टरच्याच. असा टाकाऊ माल न निवडता एकत्र वितळविल्यास पदार्थ बहुधा दुबळा निघतो. कारण ही दोन बहुवारिके एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्या सीमेवर खरा बंध जुळला की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटमधील एस्टर-कार्बोनिलचा पट्टा १७२० सेंमी.⁻¹ च्या आसपास येतो. नायलॉनचे पहिला व दुसरा हे अमाइड पट्टे १६४० व १५४० च्या सुमारास असतात. वितळलेल्या अवस्थेत एस्टर-अमाइड विनिमय घडला, तर टेरेफ्थॅलिक भागाला अमाइड जोडले जाते आणि नायलॉनमधील ॲलिफॅटिक अम्लभागाचा एस्टर होतो. परंतु हे नवे अमाइड जवळजवळ जुन्याच जागी शोषण करते, आणि नवा एस्टर १७३५ च्या सुमारास, म्हणजे १७२० च्या रुंद पट्ट्याच्या उतारावर, दडून राहतो.

हायड्रोजन बंधाचा आधारही तितकाच डळमळीत आहे. नायलॉनमधील एन-एच गट बहुतांशी आधीच स्वतःच्या अमाइड-कार्बोनिलशी बांधलेले असतात. ते सोडून तुलनेने दुर्बळ अशा एस्टर-कार्बोनिलकडे ते मोठ्या संख्येने का वळावेत? शिवाय स्फटिकता बदलली तरी पट्टे बदलतात. ग्लायकॉल भागाच्या ट्रान्स व गॉश रचनांचे १३४० व १३७० जवळील पट्टे न तपासता काढलेला निष्कर्ष म्हणजे थंड होण्याच्या वेगातील फरकाला रासायनिक क्रियेचा मान देणे होय.

पाण्याकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. नायलॉन-६ संपृक्त अवस्थेत वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी शोषते, आणि पाण्याच्या वाकण्याच्या कंपनाचा पट्टा नेमका १६४० जवळ पडतो. बारामती परिसर पर्जन्यछायेतला खरा; तरी तेथेही एप्रिलची व ऑगस्टची हवा एक नसते. एप्रिलमध्ये घेतलेला शुद्ध नायलॉनचा वर्णपट ऑगस्टमधील मिश्रणातून वजा केल्यावर उरणारे शिखर पाण्याचेही असू शकेल. वजाबाकीचा गुणक मनाजोगता निवडला, तर शिखर हवे तेथे मिळते, हे वेगळेच!

१९८४ साली पिलॉन व उत्राकी यांनी पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट आणि नायलॉन-६६ यांच्या मिश्रणात पॅरा-टोल्युईन सल्फॉनिक अम्ल हा उत्प्रेरक वापरून हा विनिमय अभ्यासला. अशा कामाचे खरे बळ उत्प्रेरकासह व उत्प्रेरकावाचून केलेल्या मिश्रणांच्या तुलनेत असते; एकट्या वर्णपटात ते नसते. न वितळविता नुसत्या भुकट्या एकत्र करून घेतलेला वर्णपटही शेजारी हवा.

निर्णायक परीक्षा विद्रावकाची आहे. फॉर्मिक अम्लात नायलॉन विरघळते, पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट विरघळत नाही. बारीक दळलेल्या मिश्रणाचे वारंवार निष्कर्षण करूनही अवशेषात अमाइडचे पट्टे टिकले, आणि नुसत्या भुकट्यांच्या नमुन्यात ते टिकले नाहीत, तर सहबहुवारिकाची शंका सबळ होते. तरीही आत कोंडलेल्या नायलॉनची शक्यता उरतेच, म्हणून चुंबकीय अनुस्पंदनाची जोड घ्यावी. विद्राव्य अंशात एस्टरचा पट्टा शोधणे हे याचेच दुसरे अंग. अवशेष तपासणारे पुष्कळ, पण गाळून आलेले द्रावण बहुधा ओतून दिले जाते.